कडब्याचा हिशेब कुणाच्या वहीत?

हंगाम वाईट गेला की आकडे यायला वेळ लागत नाही. गहू इतके टक्के घटला, ज्वारी इतकी, मका इतक्या लाख टनांनी कमी. मी असे अहवाल उघडते आणि एकच रकाना शोधते. तो नसतो. दाणा काढून नेल्यावर जे उरतं, म्हणजे धाटं, पाती, पेंढा, भुसकट, वेल, त्याचं काय झालं? फार तर खाली बारीक अक्षरात टीप असते, की अवशेष धान्याच्या अमुक पट धरले आहेत. धान्य मोजा, ठरलेल्या आकड्यानं गुणा, झाली वैरण तयार.

माझं काम नेमकं या वैरणीचं आहे. पशुआहाराच्या प्रयोगशाळेत मी चाऱ्याचे नमुने तपासते. वाळवते, दळते, जाळून राख मोजते, नायलॉनच्या पिशवीत भरून गाईच्या कोठीपोटात, म्हणजे चारा आंबतो त्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात, ४८ तास ठेवते आणि किती विरघळलं ते बघते. (हो, त्या वासाची सवय होते. कपड्यांना मात्र होत नाही.) जगातली पाळीव जनावरं काय खातात याचा ताळा एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, अभ्यासकांनी २०१७ साली मांडला होता. वर्षाला साधारण ६ अब्ज टन कोरडं खाद्य, आणि त्यात १९ टक्के वाटा पिकांच्या अवशेषांचा. ही झाली जगाची सरासरी. दोन-चार जनावरं सांभाळणाऱ्याकडे हा वाटा कितीतरी मोठा असतो, आणि कोरड्या महिन्यांत तर गव्हाणीत दुसरं काही पडतच नाही.

तर तो गुणाकार. पाऊसपाणी नीट असेल तर तो चालून जातो, पण हवामान बिघडलं की सगळ्यात आधी तोच मोडतो. समजा पीक वाढीला लागलं आणि सुरुवातीलाच पावसानं ओढ दिली, तर ताट गुडघ्याएवढंच राहतं. दाणाही गेला, धाटही गेलं. पण तीच ओढ फुलोऱ्यात बसली, किंवा परागीभवनाच्या दिवसांत उष्णतेची लाट आली, तर शेत उभं दिसतं, कणसं पोचट निघतात. हिशेबाप्रमाणे धान्य शून्य म्हणून वैरणही शून्य. शेतात मात्र धाटांचं रान उभं. एवढंच नाही, दाण्यात उतरायची साखर आणि नत्र उतरायला जागाच न मिळाल्यानं धाटातच राहतात, आणि असा नमुना तपासणीत बरेचदा नेहमीच्या कडब्यापेक्षा सरस ठरतो. म्हणजे माणसाचं पीक बुडालं त्या वर्षी जनावराला बरा चारा मिळाला, असं होऊ शकतं. धान्याच्या तक्त्यावरून हे कुणाला कळणार?

यावर कुणी खूश व्हायच्या आत पुढचं सांगते. तहानलेली ज्वारी आणि मका मातीतला नायट्रेट उचलत राहतात, पण त्याचं प्रथिन करायला लागणारी वाढच थांबलेली असते. तो साठतो बुडख्याकडच्या कांड्यांत. दुष्काळानंतर एखादी चांगली सर आली की पुढचे काही दिवस तर जास्तच धोक्याचे. पोटात गेल्यावर नायट्रेटचा नायट्राइट होतो, रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते, रक्त चॉकलेटी तपकिरी दिसायला लागतं आणि जनावर तासाभरात आडवं पडू शकतं. आमच्याकडे याची एक झटपट चाचणी आहे. बुडख्याचं कांडं उभं चिरायचं आणि आतल्या भेंडावर गंधकाम्लात विरघळवलेल्या डायफिनाइलअमाइनचे थेंब टाकायचे. नायट्रेट भरपूर असेल तर काही सेकंदांत गडद निळा रंग पसरतो. मी आजवर हे पुष्कळदा केलंय, तरी तो निळा रंग चढताना बघून पोटात गोळा येतोच.

ज्वारीच्या कोवळ्या, पाण्याअभावी कोमेजलेल्या किंवा फुटव्यातून परत फुटलेल्या पिकात हायड्रोसायनिक आम्लाचा, म्हणजे सायनाइडचा, धोका वेगळा. दोन्हींत लोक गल्लत करतात. सायनाइड चारा नीट वाळवला की बराचसा उडून जातो. नायट्रेट वाळवल्यानं जात नाही. वर्षभर गंजीत ठेवा, तसाच राहतो. मुरघास केला, म्हणजे हिरवा चारा हवाबंद आंबवला, तर मात्र बऱ्यापैकी घटतो. ‘कडबा वाळलाय ना, मग घाला बिनधास्त’ हे अर्धंच खरं आहे.

आता उन्हाकडे येऊ. तापमान वाढलं की पीक घाईनं पिकतं आणि पेशींच्या भिंतीत लिग्निन, म्हणजे लाकूडपणा आणणारा न पचणारा घटक, लवकर भरतं. धाट तेवढंच दिसतं, वजनही कदाचित तेवढंच, पण ते लाकडाच्या वळणावर गेलेलं असतं. त्यात पानं आधीच करपून गळतात. पान म्हणजे पचणारा भाग आणि कांडं म्हणजे कसाबसा पचणारा, हे जनावराला कुणी शिकवावं लागत नाही. गव्हाणीत मागे काय उरलंय ते बघितलं तर माझ्या अहवालातलं निम्मं कळतं. वरून हवेतला कार्बन डायऑक्साइड. उद्योगयुगाच्या आधी तो दशलक्ष भागांत सुमारे २८० होता, आता ४२० च्या वर गेलाय. गहू-भातासारखी पिकं तो खाऊन वाढतात खरी, पण त्यांच्या अंगात नत्राचं, पर्यायानं प्रथिनाचं, प्रमाण पातळ होतं. पेंढ्यात मुळात प्रथिन असतं तीन-चार टक्के. कोठीपोटातले जंतू नीट काम करायला चाऱ्यात साधारण ७ टक्के लागतं. त्याच्या खाली जंतू उपाशी, ते उपाशी म्हणून तंतू पचत नाही, तो पचत नाही म्हणून पोट रिकामं होत नाही, आणि पोट भरलेलं म्हणून जनावर पुढचा घास घेत नाही. भरल्या पोटी हाडं वर यायला लागतात. आधीच चार असलेल्यातून अर्धा टक्का गेला तर कागदावर क्षुल्लक वाटतं; वासराला पाजणाऱ्या गाईला ते क्षुल्लक नसतं.

उष्ण, कोरड्या मातीत ज्वारीला खडखड्या हा बुरशीचा रोगही जोरात लागतो. बुडातलं कांडं फोडलं तर आत भेंड उरलेलं नसतं; नुसते दोरे, आणि त्यांवर काळी पूड. असं ताट वाऱ्याच्या झोताला उभं राहत नाही. आडवं पडलं की माती चिकटते, आणि मग माझ्या मुशीत राखेचा आकडा असा फुगतो की कडबा तपासतेय की बांध, असा प्रश्न पडावा.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चीड येते ती काढणीच्या वेळच्या पावसाची, कारण तेव्हा बहुतेक काम झालेलं असतं. दाणा वाचवायला सगळे धावतात, ते बरोबरच आहे. पेंढ्या भिजत पडतात. पहिल्या पावसात विरघळणारी साखर धुऊन जाते, म्हणजे चाऱ्यातली हलकीफुलकी ऊर्जा मातीत. मग ढगाळ हवा, वाळण नीट होत नाही, तरी जागा नाही म्हणून गंज रचली जाते. वरून पिवळीधमक. मधली पेंढी ओढली तर हाताला ऊब लागते, सोडवली तर राखाडी धूर उठावा तशी पूड उडते आणि नाकात कुबट वास बसतो. ही बुरशी. सगळीच विषारी नसते, पण ॲस्परजिलस फ्लेवस असेल तर अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार होतं, आणि गाईनं ते खाल्लं की त्याचं एम-१ होऊन दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही. काही फ्युजेरियम बुरशींनी ग्रासलेला भाताचा पेंढा सतत खाऊन म्हशींची शेपटी, कान, खूर सडल्याची नोंद आहे. त्या रोगाला डेगनाला म्हणतात. ‘वरची चांगली घालू आणि आतली मिसळून देऊ’ असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: नाही.

एवढं होऊन गव्हाणीपर्यंत जे पोचतं, ते खाणारं जनावरही त्याच उन्हात उभं असतं, हे आम्ही प्रयोगशाळावाले विसरतो. तंतुमय चारा आंबताना कोठीपोटात उष्णता तयार होते. चारा जितका राठ, तितकी पचलेल्या घासामागे उष्णता जास्त. धापा टाकणारी गाय म्हणूनच नेमका कडबा नाकारते. उन्हानं चारा राठ केला आणि उन्हानंच तो खायची ताकद काढून घेतली. राठ चाऱ्यावर मिथेनही जास्त सुटतो. खाल्लेल्या एकूण ऊर्जेतली ६-७ टक्के अशी ढेकरेतून हवेत जाते, आणि दूध कमी म्हटल्यावर लिटरमागचा मिथेन आणखीच वाढतो.

उपाय विचारणारे युरियाचं नाव आधी काढतात. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून, झाकून तीन आठवडे ठेवायचा. प्रथिन जवळपास दुप्पट होतं. पद्धत चोख आहे. पण तिला ५०-६० लिटर पाणी लागतं, आणि पेंढ्यावर दिवस काढायची वेळ पाणी नसतं तेव्हाच येते. कुट्टी करा, रात्रीच्या गारव्यात घाला, भुईमुगाचा पाला मिळत असेल तर थोडा मिसळा, हे सल्ले कमी दिमाखदार पण जास्त पाळले जातात. लांबचा उपाय वाणांचा. ज्वारीत फुलोऱ्यानंतरच्या ताणातही पानं हिरवी ठेवणारे वाण आहेत, ते खडखड्यालाही तुलनेनं दाद देत नाहीत. इक्रिसॅट (कोरडवाहू पिकांवर काम करणारी) आणि इल्री (पशुधनावर काम करणारी) या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थांच्या कामातून हेही दिसलंय, की सारखंच धान्य देणाऱ्या दोन वाणांच्या धाटांची पचनीयता वेगवेगळी असू शकते. म्हणजे दाणा न घटवता चांगला कडबा निवडता येतो, फक्त निवडणाऱ्यानं तो मोजायला हवा.

राहता राहिलं मातीवाल्यांशी भांडण. ते म्हणतात अवशेष शेतातच ठेवा, ओल टिकेल, सेंद्रिय कर्ब वाढेल. खरंच आहे. जनावरवाला म्हणतो मग मी काय घालू. तेही खरंच. मी दोघांना एकच सुचवते: कापणी जमिनीलगत करू नका, वीत-दीड वीत बुडखा सोडा. त्यात लिग्निन सर्वांत जास्त आणि प्रथिन सर्वांत कमी. कुट्टी केली नसेल तर जनावर तो भाग असाही टाकतं. आणि तहानलेल्या पिकात नायट्रेटही तिथेच साठलेला असतो, त्यामुळे टंचाईच्या वर्षी, काडी न् काडी गोळा करावीशी वाटते तेव्हा, तो तुकडा रानातच राहिलेला बरा.