हेडलाइटला मोठा बल्ब नको, आधी रिले लावा

पावसाळ्यात ताम्हिणी नाहीतर वरंध घाटातून रात्री गाडी काढली की ओल्या काळ्या डांबरावर हेडलाइटचा उजेड पडतोय कुठे तेच कळत नाही, आणि मग माणूस घरी आला की पहिलं काम काय करतो तर शंभर-नव्वद वॅटचे (हायला शंभर, लोला नव्वद) बल्ब आणून बसवतो. कृपा करून असं करू नका. एक तर ते रस्त्यावर चालत नाहीत, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि प्लास्टिकचा होल्डर वितळून वायर काळी पडते ते वेगळंच.

आधी मोजा. माझ्या मावसभावाची जुनी हॅचबॅक आहे, बाहेरून घेतलेले नवीन क्लिअर काचेचे हेडलाइट लावले तरी उजेड पिवळाच. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजलं तर १३.८ व्होल्ट, आणि लाइट पेटलेला असताना होल्डरच्या मागून मल्टीमीटरची पिन आत सरकवली तर १२.१. मधले १.७ व्होल्ट गेले कुठे? बॅटरीपासून फ्यूज बॉक्स, तिथून स्टिअरिंगखालचा स्विच, मग डिपर, मग परत पुढे, एवढा सगळा बारीक वायरचा आणि झिजलेल्या कॉन्टॅक्टचा प्रवास. एच-४ म्हणजे लो आणि हाय दोन्ही एकाच बल्बमध्ये असलेला प्रकार, त्याचा अप्पर (हाय) ६० वॅट, दोन्ही मिळून १२० म्हणजे जवळपास १० अँपिअर त्या बिचाऱ्या स्विचमधून जातात. आणि हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड साधारण तीस टक्के पडतो, म्हणजे भावाच्या गाडीत तिसरा हिस्सा उजेड वायरमध्येच जिरत होता.

रिले म्हणजे थोड्या करंटने चालणारा मोठा स्विच; आतल्या तारेच्या गुंडाळीला, म्हणजे कॉइलला, करंट मिळाला की तो बॅटरीपासून थेट बल्बपर्यंतचा मार्ग जोडतो. तो लावला की जुन्या स्विचवर फक्त कॉइलचा करंट राहतो, पाव अँपिअरपेक्षाही कमी. जोडणी सोपी आहे. रिलेच्या पिनांना नंबर असतात. ३० नंबरला बॅटरीचा पॉझिटिव्ह, फ्यूजमधून. ८७ वरून बल्ब. ८६ ला जुन्या होल्डरची लो किंवा हायची वायर, ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीची बॉडी. पाच पिनचा रिले मिळाला तर ८७ए ला काही जोडू नका, तिथे रिले बंद असताना करंट असतो. लो आणि हायला वेगळे रिले घ्या.

आता खरी गोम. बऱ्याच जपानी पद्धतीच्या गाड्यांत होल्डरच्या कॉमन पिनला (लो-हाय दोन्हींची सामायिक पिन) पॉझिटिव्ह असतो आणि स्विच निगेटिव्ह जोडतो-तोडतो. तिथे वरच्यासारखं ८५ बॉडीला दिलं की रिले एकतर ओढतच नाही (चालू होत नाही) नाहीतर सोडतच नाही (बंद होत नाही), आणि लोक म्हणतात रिले-वायरचं तयार किट खराब निघालं. अशा गाडीत ८६ ला कॉमन आणि ८५ ला लो किंवा हायची वायर. टेस्ट लॅम्पने दोन मिनिटांत कळतं, आधी बघून घ्या.

वायर २.५ स्क्वेअर एमएमची घ्या, बाजारात मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये इन्सुलेशन जाड आणि आत तांबं नावाला असतं, टोक सोलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ पाहिजे, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं कोणी नाही. अर्थिंगसाठी बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू दे, अर्धी बोंब तिथेच असते. लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) नीट क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून घट्ट बसवा, नुसतं पिळून टेप गुंडाळलेला जॉइंट आपल्याकडच्या पावसात टिकत नाही, आणि रिले बसवताना पिना खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही.

भावाच्या गाडीत सगळं झाल्यावर होल्डरवर १३.५ आले, तेच साधे ६०/५५ चे बल्ब ठेवून. आता उजेड वाढलाय म्हणजे बीमही सेट करायलाच हवा, गाडी भिंतीपासून १० मीटरवर सपाट जागेत लावा, लो बीमची कडा हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली आली पाहिजे, डावीकडे थोडी वर गेली तर चालते, तिथे फूटपाथ आणि पाट्या दिसायला हव्यात. उजवीकडे मात्र अजिबात वर नको.