फिटलेलं कर्ज सातबाऱ्यावरून उतरवताना: माझा अनुभव

आमच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात एक ओळ होती. गावच्या विकास सोसायटीचं नाव आणि पुढे 'बोजा रु. ४,५००', म्हणजे या जमिनीवर एवढं कर्ज आहे अशी नोंद. आजोबांनी १९८३ साली विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायला काढलेलं हे कर्ज. ते १९८९ साली फिटलं. आजोबा गेले, नंतर वडील गेले, इंजिन कधीच भंगारात गेलं, कर्ज देणारी सोसायटीसुद्धा बंद पडली. ती ओळ मात्र एका उताऱ्यावरून दुसऱ्यावर उतरत राहिली. हस्तलिखित सातबारे संगणकावर गेले, तेव्हा तीही गेली. ती काढून टाकायला जे करावं लागलं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. शिवाय आमच्या माणदेशात आणि इतरत्रही अशा ओळी हजारो उताऱ्यांवर असणार, याची मला खात्री आहे.

या ओळीमुळे काय अडतं ते आधी सांगते. मी ठाण्यात नोकरी करते, धाकटा भाऊ गावी डाळिंब करतो. वडील गेल्यावर त्याला स्वतःच्या नावानं पीक कर्ज हवं होतं. बँकेनं उतारा बघितला आणि 'आधी बोजा कमी करून आणा' म्हणून कागद परत दिले. महाराष्ट्रात ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर शून्य टक्क्यानं पडतं. २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२५ पासून ठरवलंय. हे सगळं कागदावर आहे, पण शाखेतला माणूस इतर हक्काचा रकाना रिकामा बघितल्याशिवाय पुढे सरकत नाही. बहार धरायची वेळ तर थांबत नाही. भावानं बाहेरून शेकडा तीननं पैसे उचलले. महिन्याला शेकडा तीन म्हणजे लाखाला वर्षाचे ३६,००० रुपये. चाळीस वर्षांपूर्वीच्या साडेचार हजारांच्या ओळीपायी माझ्या भावानं हे व्याज भरलं. आपल्याकडे शेतकरी सावकाराकडे का जातो यावर मोठमोठी चर्चा होते. त्याच्या अनेक कारणांतलं एक इतकं साधं असतं.

वारस नोंद सुरळीत झाली. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, ई-हक्क या सरकारी पोर्टलवर अर्ज, पंधरा दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्यांची सही. आई, मी आणि भाऊ अशी तिघांची नावं लागली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

बोजा उतरवायला मात्र गावकामगार तलाठ्यांकडे गेलो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून सगळे भाऊसाहेबच म्हणतात) आणि तिथून सगळं अडलं. वडिलांनी पत्र्याच्या ट्रंकेत सोसायटीची शेवटची पावती जपून ठेवली होती. शिक्का, सचिवाची सही, 'बाकी निरंक' असा शेरा, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. भाऊसाहेबांनी ती नीट बघितली आणि म्हणाले, "ताई, तुमचं खरं आहे. पण पावतीवर मला नोंद धरता येत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेचं बोजा कमी करण्याचं पत्र लागतं."

संस्था तर अवसायनात (येणं-देणं मिटवून संस्था बंद करण्याच्या प्रक्रियेत) जाऊन तिची नोंदणीच रद्द झालेली. सभासद शेजारच्या गावच्या सोसायटीला जोडलेले, म्हणून तिकडे गेलो. तिथले सचिव सरळ माणूस. ते म्हणाले, "तुमच्या आजोबांच्या नावावर आमच्याकडे येणं नाही, एवढं लिहून देतो. पण दुसऱ्या संस्थेचं कर्ज फिटलं असं मी कसं लिहू? सभासद आमच्याकडे वर्ग झाले, दप्तर आलं नाही." त्यांचा कागद घेऊन परत भाऊसाहेबांकडे. तो चालला नाही.

मग जिल्हा बँकेची शाखा. सहकारी पीक कर्जाची रचना तीन पायऱ्यांची असते: वर राज्य बँक, मध्ये जिल्हा मध्यवर्ती बँक, खाली गावची सोसायटी. जिल्हा बँक पैसे सोसायटीला देते, सोसायटी सभासदाला. त्यामुळे शाखेत उत्तर मिळालं, "आमचं येणं सोसायटीकडे होतं, तुमच्या आजोबांकडे नव्हतं. आम्ही कसला दाखला देणार?"

शेवटी सहकार खात्याचं तालुक्याचं कार्यालय. माझा खरा संताप आहे तो या टेबलावर. तिथल्या बाबूंनी मान वर न करता सांगितलं, "नोंदणी रद्द झाली म्हणजे फाईल बंद. संस्थाच नाही, तर दाखला कुणाच्या नावानं द्यायचा? तलाठ्याला सांगा, तो काढेल." तलाठी म्हणतात पत्र आणा, हे म्हणतात तलाठ्याला सांगा. मी ठाण्याहून रात्रीच्या एसटीनं यायची, सकाळी कार्यालय उघडायच्या आधी दारात, आणि कधी साहेब दौऱ्यावर, कधी बाबू मीटिंगला, कधी 'पुढच्या आठवड्यात बघू'. पावसाळा गेला, दिवाळी गेली. प्रत्येक खेपेला रजा माझी आणि दिवसभराचं काम भावाचं बुडत होतं. लेखी कुणी काहीच देत नव्हतं. नाही म्हटल्याचाही कागद नव्हता.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाचं उत्तर आपापल्या टेबलापुरतं बरोबर होतं. पण कर्ज चढवताना ही सगळी टेबलं एकमेकांशी बोलत होती. सहकार कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे सभासदानं इकरार लिहून द्यायचा, सोसायटीनं तो तलाठ्याकडे पाठवायचा आणि उताऱ्यावर बोजा चढायचा. आजोबांना त्यासाठी कुठं हेलपाटे घालावे लागले नाहीत. फेडल्यावर मात्र 'वसूल झालं, नाव काढा' असं कळवण्याची तसदी संस्थेनं घेतली नाही, आणि घेतली नाही म्हणून कुणी विचारलंही नाही. संस्था बंद करताना अवसायकानं सगळं येणं-देणं मिटवलं असं सरकारनं मान्य केलं, म्हणून तर नोंदणी रद्द झाली. मग त्याच वेळी या संस्थेचे गावातले सगळे बोजे एका आदेशानं का उतरवले नाहीत?

शहरातल्या माणसाशी तुलना करून बघा. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२३ मध्ये आदेश काढला. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मिळकतीची मूळ कागदपत्रं परत द्यायची, नोंदवलेला बोजा उठवायचा, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. माझ्या ठाण्यातल्या फ्लॅटच्या कर्जाला हे संरक्षण आहे. गावची विकास सोसायटी रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळे भावाच्या जमिनीला ते नाही. एकाच घरातल्या दोन कर्जांना असे दोन न्याय आहेत.

तहसीलच्या बाहेर एकानं "पाच हजार द्या, पंधरा दिवसांत कोरा उतारा हातात देतो" असंही सांगितलं. भाऊ थकला होता, द्यायला तयार होता. मी नाही म्हटलं. आजोबांनी साडेचार हजार एकदा व्याजासकट फेडले आहेत. ते फेडले हे कबूल करून घ्यायला वर पाच हजार द्यायचे, हे मला पटणं शक्य नव्हतं. याचा मला अभिमान आहे.

वाट सापडली ती माहितीच्या अधिकारानं. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा असतो. 'माझा बोजा का उतरत नाही' असला प्रश्न विचारू नका. 'का' विचारलं की 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही' असं उत्तर येतं. मी सहकार खात्याच्या त्याच तालुका कार्यालयाकडे कागद मागितले: सोसायटीच्या अवसायनाच्या अंतिम अहवालाची प्रत, त्यासोबतची येणे कर्जाची सभासदनिहाय यादी, आणि नोंदणी रद्द केल्याचा आदेश. आणि हे कागद आमच्याकडे नाहीत असं कार्यालयाला म्हणायचं असेल, तर ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे अर्ज पाच दिवसांत पाठवणं हे त्यांचंच काम आहे, कलम ६(३) प्रमाणे. हे अर्जातच लिहून टाका.

मुदत संपता संपता उत्तर आलं: 'सदर अभिलेख आढळून येत नाही.' इथं बरेच जण सोडून देतात. सोडू नका. हातात पहिल्यांदा लेखी कागद आला होता, त्यावर अपील होतं. २० रुपयांचा स्टॅम्प लावून ३० दिवसांच्या आत पहिलं अपील केलं. त्यात एवढंच म्हटलं, की अभिलेख नियमानं नष्ट केला असेल तर नष्ट केल्याची नोंद दाखवा, आणि गहाळ झाला असेल तर जबाबदारी निश्चित करा. सार्वजनिक अभिलेखांबाबत महाराष्ट्राचा २००५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात तुरुंगवासापर्यंतची शिक्षा आहे, हेही लिहिलं. सुनावणीला अपिली अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अभिलेख कक्षात पुन्हा शोध घ्यायला सांगितलं. अहवाल सापडला. दोन रुपये पानाप्रमाणे साक्षांकित प्रती मिळाल्या. येणे बाकीच्या यादीत आजोबांचं नाव नव्हतं. भावाला फोन केला तेव्हा मला धड बोलता येईना.

मग ती यादी आणि वडिलांनी जपलेली पावती जोडून त्याच कार्यालयात अर्ज दिला. 'अवसायन अहवालानुसार सदर सभासदाकडे येणे बाकी दिसून येत नाही' एवढ्या एका वाक्याचं पत्र मिळालं. जे पत्र देताच येत नाही असं सांगत होते, तेच हे. त्यावर तहसीलदारांचा आदेश झाला, भाऊसाहेबांनी फेरफार (उताऱ्यातल्या बदलाची नोंद) धरला, नोटिशीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. हा शेवटचा टप्पा भराभर झाला, कारण आता प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचा कागद होता.

आठवेल तसं आणखी काही सांगते. बोजाच्या ओळीजवळ फेरफार क्रमांक असतो. सगळ्यात आधी तो जुना फेरफार काढा. कर्ज कुणाचं, किती, कुठल्या गटावर, हे त्यातच असतं. आमचा फेरफार एका गटाचा होता आणि बोजा दोन गटांवर दिसत होता. प्रत्येक गटाचा सातबारा वेगळा बघा. १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. नुसता बघायचा असेल तर महाभूलेखवर फुकट दिसतो.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय जागचे उठू नका. "ठेवून जा, मी बघतो" म्हणणाऱ्याकडे काहीही ठेवून येऊ नका. मूळ पावती तर कुणाच्याही हातात द्यायची नाही, दाखवायची आणि झेरॉक्स द्यायची.

२०२५ मध्ये सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. आधी मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी आणि पुढच्या टप्प्यात तगाई (सरकारी शेती कर्ज), बंडिंग (बांधबंदिस्तीचं कर्ज), एकुमॅ (एकत्र कुटुंब मॅनेजर), अपाक (अज्ञान पालनकर्ता) अशा कालबाह्य शेऱ्यांची साफसफाई. तुमच्या उताऱ्यावर असलं काही असेल तर त्या मोहिमेचा हवाला देऊन अर्ज द्या, आमच्यासारखा लांबचा फेरा कदाचित पडणार नाही. बंद पडलेल्या सोसायट्यांच्या बोजांसाठीही असाच एक आदेश निघाला पाहिजे. अवसायन झालेल्या संस्थांच्या याद्या सहकार खात्याकडेच आहेत, उतारे महसूल खात्याकडेच आहेत. शेतकऱ्यानं मध्ये निरोप्याचं काम करायची गरजच नाही.

आणि आज कर्ज फेडत असाल, तर शेवटचा हप्ता भरला त्याच दिवशी बोजा कमी करण्याचं पत्र मागा. संस्था चालू आहे, सचिव समोर बसलाय, तोवर ते पाच मिनिटांचं काम आहे.

अवसायनाच्या यादीच्या झेरॉक्स आम्ही गावात वाटल्या. त्या सोसायटीची ओळ आणखी बऱ्याच उताऱ्यांवर निघाली. ज्यांचं नाव बाकीच्या यादीत नाही त्यांचे अर्ज भावानं स्वतः बसून लिहून दिले. काहींचे उतारे कोरे झाले आहेत. बाकीच्यांचे 'चौकशीवर' आहेत आणि त्यांच्या पोच आम्ही एका फाईलला लावून ठेवल्या आहेत.