रटलंडचे ऑस्प्रे: मे महिन्यात जाऊ नका

इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर या जलाशयावर घरटं करणाऱ्या ऑस्प्रेंबद्दल, म्हणजे मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्यांबद्दल, जिथे विचाराल तिथे एकच उत्तर मिळतं: मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत पक्षी असतात, केव्हाही जा. पक्षी असतात हे खरं. पण ‘असतात’ आणि ‘दिसतात’ यांत सात-आठ आठवड्यांची खोट आहे, आणि त्यातले बरेचसे आठवडे नेमके आपल्या मे महिन्याच्या सुट्टीवर येऊन बसलेत. लेकाकडे-लेकीकडे लंडनला, लेस्टरला आलेली मंडळी हौसेनं जातात आणि काटक्यांच्या ढिगातून वर आलेलं एक डोकं बघून परततात. पांढरं डोकं, डोळ्यावरून तपकिरी पट्टा, बस्स.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पुस्तकांत कैकर, मोरघार अशी नावं असलेला हा पक्षी भिगवणला हिवाळ्यात सगळ्यांनी पाहिलेला असतो: पाण्यातल्या वठलेल्या झाडावर, पंजाखाली मासा धरून. म्हणून ‘आपलेच पक्षी उन्हाळ्यात इंग्लंडला जातात’ असं कुणीतरी सांगतं. नाही. ब्रिटनमधले ऑस्प्रे थंडीत पश्चिम आफ्रिकेत जातात, सेनेगल-गांबियाच्या किनाऱ्यावर. उजनीवर येणारे उत्तरेकडून, आशियातून येतात. जात एक, वाटा वेगळ्या. महाराष्ट्रात हा फक्त हिवाळी पाहुणा, त्यामुळे घरटं बघायचं तर बाहेरच जावं लागतं.

रटलंडच का, तर इथे घरटं उघड्यावर आहे आणि त्याची नोंद चोख आहे. इंग्लंडमधून हा पक्षी घरटं करणारा म्हणून नाहीसा झाला होता. १९९६ पासून स्कॉटलंडमधली पिल्लं आणून इथे सोडली आणि २००१ मध्ये पहिली वीण झाली. मॅन्टन बे या जलाशयाच्या फाट्यातल्या उथळ पाण्यात खांबावर बांधून दिलेल्या मचाणावर गेली बरीच वर्षं एक जोडी येते: मादीचं नाव माया, नराला नावच नाही, फक्त पायातल्या ओळखीच्या कड्याचा आकडा, ३३(११). म्हणजे ३३ क्रमांकाचं कडं, २०११ साली घातलेलं. इंग्लंड-वेल्सच्या पक्ष्याला रंगीत कडं उजव्या पायात, स्कॉटलंडच्या डाव्या. दुसरा एखादा ऑस्प्रे घुसखोरी करत आला की आधी पाय बघायचे, मग आकडा.

जायचं कुठे

इथे पहिली चूक होते. रटलंड वॉटरच्या अभयारण्याला दोन दारं आहेत. एगल्टनचं केंद्र मोठं आणि प्रसिद्ध, नकाशावर ‘रटलंड वॉटर बर्ड’ टाकलं की गाडी तिकडेच नेते. तिथून मॅन्टन बेचं घरटं दिसत नाही. तुम्हाला हवं आहे लिंडन, दक्षिण काठावरचं, मॅन्टन गावाच्या पुढचं. नकाशात ‘लिंडन व्हिजिटर सेंटर’ हेच शब्द घाला. दिवसाचा पास तिथेच मिळतो. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर उघडण्याची वेळ बघा, कारण हे केंद्र हंगामापुरतंच चालतं.

रेल्वेनं यायचं तर लेस्टरहून ओकम अर्ध्या तासावर. ओकमपासून लिंडन पाचेक मैल. बसच्या भरवशावर राहू नका. टॅक्सी करा आणि परतीची वेळ सकाळीच त्याच्याशी ठरवून टाका. सायकल भाड्यानं मिळते आणि जलाशयाभोवती रस्ताही छान आहे, पण मॅन्टनच्या बाजूला चढ आहेत. दुर्बीण, स्कोप (एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण), तिपाई पाठीवर घेऊन ते चढ चढायचे असतील तर चढा.

केंद्रापासून हाइडपर्यंत, म्हणजे आडोशाला बसून पक्षी बघायच्या खोपीपर्यंत, वीसेक मिनिटांची चाल. गवताची वाट, मधे मेंढ्या, फाटकं. फाटक जसं होतं तसं लावायचं. पावसानंतर चिखल घोट्यापर्यंत येतो, कापडी बूट नकोत. हाइडमध्ये स्वच्छतागृह नाही, केंद्रातच उरकून निघा. वेडरस्क्रेप आणि शॅलो वॉटर अशा दोन हाइड घरट्याकडे तोंड करून आहेत. स्वयंसेवक मुख्यतः वेडरस्क्रेपला बसतात. त्यांच्याकडे स्कोप असतो, ते आनंदानं बघू देतात आणि सकाळपासून काय घडलं याची वहीही दाखवतात. आत गेल्यावर पहिलं काम ती वही वाचणं.

तो भिकार काळ

आता मुद्द्याचं. जोडी साधारण मार्चच्या मध्यावर पोचते आणि अंडी बहुतेकदा मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला पडतात, सहसा तीन, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं. तिथून सदतीसेक दिवस उबवणं. मायेला कधी नर बदली देतो, पण जास्त वेळ आणि रात्रभर तीच. घरट्याला खोलगट वाटी असते आणि ती वाटीत चपटी होऊन बसते. हाइडमधून साधारण तीनशे मीटरवर तुम्हाला दिसणार ते तेवढंच.

मे महिन्यातली एक सकाळ घड्याळ लावून मोजली तर अशी असते. सव्वानऊला मादी बसलेली. दहा वाजता ती उठते, चोचीनं अंडी फिरवते, वळून बसते. हे सगळं एका मिनिटात. मग पावणेदोन तास काही नाही. बारा वाजायला दहा मिनिटं असताना नर अर्धा मासा घेऊन येतो. मादी मासा उचलून समोरच्या खांबावर जाते. नर पंजे मुठीसारखे मिटून अंड्यांकडे सरकतो, कारण तो नखांचा आकडा अंड्याला लागला तर संपलं. अंगावर बसताना होडी लाटेवर डोलावी तसा डावी-उजवीकडे डोलतो, पोट अंड्यांना भिडेपर्यंत. पंचवीस मिनिटांनी मादी परत येते. येताना पाण्यालगत उडत पाय बुडवून धुते, फांदीवर चोच पुसते. अदलाबदल. नर गेला. पुन्हा डोकं.

ही अदलाबदल पाहण्यासारखी आहे, यात वाद नाही. पण साडेचार तासांत ती एकदाच घडली. दोन लहान मुलं, आजी आणि चार पासांचे पैसे घेऊन आलेल्या घराला हे पुरत नाही.

आणि सगळ्यात मोठी फसगत पुढे आहे. ‘पिल्लं बाहेर आली!’ अशी बातमी येते, लोक त्याच शनिवारी धावतात, आणि त्यांना उबवताना दिसायचं त्याहूनही कमी दिसतं. नुकतं फुटलेलं पिल्लू मुठीएवढं, करड्या लवेचं, पाठीवर फिकट रेघ. ते वाटीच्या तळाशी असतं. पहिले दोन-तीन आठवडे हाइडमधून त्याचं डोकंसुद्धा दिसत नाही. मादी मान खाली घालून कण-कण भरवते, तेवढीच खूण. हे सगळं घरट्यावरच्या थेट कॅमेऱ्यावर झकास दिसतं, आणि गोंधळाचं मूळ तेच आहे: कॅमेरा घरट्याच्या डोक्यावर आहे, तुम्ही तीनशे मीटर लांब आणि खालच्या पातळीवर. मे महिन्यात कॅमेरा बघा. घरी, फुकट, चहा पीत.

मग कधी

पहिलं पिल्लू फुटल्याची तारीख दर वर्षी जाहीर होते. तिच्यात ३५ दिवस मिळवा, तिथून ६० व्या दिवसापर्यंत तुमची खिडकी. १० मेला फुटलं तर १४ जून ते ९ जुलै. या काळात पिल्लं आकारानं आईएवढी झालेली असतात, काठावर उभी राहतात, मासा आला की ओरडतात. पाच-सहा आठवड्यांची असताना त्यांना कडी घालतात. ४५ व्या दिवसापासून पंख मारत जागच्या जागी फूटभर वर उठतात आणि पुन्हा घरट्यात आदळतात. ५० ते ५५ व्या दिवशी पहिलं उड्डाण. पिल्लू आणि मोठा पक्षी ओळखायची सोपी खूण: पिल्लाच्या पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट किनार असते, खवल्यांसारखी, आणि डोळा पिवळा नव्हे, नारिंगी.

किती वेळ थांबायचं? मोठी पिल्लं असताना नर दिवसाला पाचेक मासे आणतो. जूनमध्ये उजेड सोळा तासांहून जास्त, म्हणजे सरासरी सव्वातीन तासांत एक मासा. ‘तासभर बघू आणि निघू’ हा बेत म्हणूनच फसतो. चार तास धरून या. जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर पाण्यावर लाटा उठतात, नराला मासा दिसत नाही, खेपा कमी होतात. शांत, ढगाळ सकाळ सगळ्यात उत्तम. उन्हाच्या दुपारी पाण्यावरची हवा थरथरते आणि स्कोपमधलं घरटं उकळत्या दुधासारखं हलतं.

जूनमध्ये गवताचे परागकण प्रचंड असतात. शिंकांचा त्रास असेल तर गोळी सकाळीच घ्या. हाइडमध्ये शिंकांची माळ लावलेल्या माणसाकडे लोक कसं बघतात ते विचारू नका.

मार्चचा उत्तरार्धही चांगला: काटक्या, मिलन, घुसखोरांशी मारामारी. थंडी कडक. जुलैअखेर ठीक. ऑगस्टच्या उत्तरार्धात मादी निघून जाते, मग उरलेले पांगतात. तेव्हा जाऊ नका.

सामान आणि पैसे

८x४२ ची दुर्बीण म्हणजे तीनशे मीटरवरचा पक्षी सदतीस मीटरवर आल्यासारखा. वागणूक कळते, कडं वाचता येत नाही. त्यासाठी स्कोप, ४० पटीच्या आसपास. त्याहून वर नेलं तर थरथरच वाढते.

कॅमेऱ्याचं ओझं बहुतेकांनी गाडीतच ठेवावं. हिशेब बघा: पक्षी ५८ सेंटिमीटर, अंतर तीनशे मीटर, लेन्स ४०० मिलिमीटर. फुल फ्रेम सेन्सरवर बसलेल्या पक्ष्याची प्रतिमा पाऊण मिलिमीटरची, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फोटोत उंची सव्वाशे पिक्सेल. व्हॉट्सॲपवर पाठवण्याइतपतसुद्धा नाही. स्कोपला मोबाइल जोडून व्हिडिओ काढा, तो यापेक्षा बरा येतो. फोटोसाठी वाटेवरून खाली उतरून घरट्याकडे सरकणं किंवा ड्रोन उडवणं हा विचारही नको. १९८१ च्या वन्यजीव कायद्यात ऑस्प्रे पहिल्या परिशिष्टात आहे, घरट्यावर त्याला डिवचणं गुन्हा आहे.

फोटोंसाठी मत्स्यशेतीच्या तळ्यांवर पैसे घेऊन बसवणाऱ्या हाइड असतात. पहाटे चारच्या आधी हजेरी, पक्षी तळ्यात झेप घेतो, फोटो झकास. पण भाडं भरमसाट, जागा महिनोन्‌महिने आधी भरलेल्या, आणि तिथे घरटं नसतं. कुठला पक्षी येईल, येईल की नाही, हेही ठरलेलं नाही. पक्षी आला नाही तर पैशांचं काय होतं ते आधी लेखी विचारा. घरट्याचं जीवन बघायचं असेल तर हा खर्च वाया. व्हिटवेलच्या धक्क्यावरून ‘रटलंड बेल’ ही नौका ऑस्प्रे-सफरी करते. मासेमारी दिसण्याची शक्यता बरी, पण घरट्याजवळ ती जात नाही. मुलं असतील तर हीच करा.

ज्यांना मेच मिळतो त्यांच्यासाठी

हाइडमध्ये शिरताच ‘नर कुठे आहे?’ एवढंच विचारा. नर आधी माशाचं डोकं स्वतः खातो आणि उरलेला घरट्यावर नेतो. तो जवळच्या खांबावर मासा फाडत बसला असेल तर अदलाबदल अर्ध्या-पाऊण तासात होणार, जागेवरून हलू नका. वहीत ‘मासा आला’ अशी शेवटची नोंद चार तास जुनी असेल तरी थांबा. मादी नुकतीच परतलेली असेल आणि नर रिकाम्या पंजांनी पंख सुकवत बसला असेल, तर पुढचे दोन तास काही होत नाही. डबा तेव्हा उघडा.