नव्या भिंतीआडची ओल

फ्रान्समध्ये घेतलेल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर एका भिंतीचे नवे प्लास्टरबोर्ड आज सुताराने काढले, तेव्हा आतला दगड छातीच्या उंचीपर्यंत ओला असल्याचे दिसले. जमिनीलगतच्या लाकडात तर बोट सहज रुतत होते. विक्रीच्या वेळी मिळालेल्या तपासणी अहवालांत शिसे, ॲस्बेस्टॉस, वाळवी, वीज, ऊर्जावापर असे पुष्कळ काही होते, परंतु भिंतीतली ओल आणि छताची वा पायाची मजबुती या गोष्टी त्या सक्तीच्या अहवालांत येतच नाहीत, हे परदेशातून आलेल्या खरेदीदाराला आधीच ठळकपणे सांगितले गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

फ्रेंच नागरी संहितेच्या कलम १६४१ नुसार छुप्या दोषांची जबाबदारी विक्रेत्यावर असते आणि कलम १६४८ नुसार दोष आढळल्यापासून २ वर्षांच्या आत दावा करावा लागतो. मात्र खाजगी विक्रेते ही जबाबदारी नाकारणारी अट खरेदीखतात बहुधा घालतातच, आणि ती आमच्याही खतात आहे. विक्रेत्याला दोष ठाऊक होता हे खरेदीदाराने सिद्ध केले, तर ती अट निष्प्रभ ठरते.

ओल्या दगडावर अलीकडेच बसवलेला कोरा बोर्ड पाहून मला फार संताप आला, कारण अशी भिंत न पाहता कोणी झाकत नाही. छायाचित्रे काढून काम तिथेच थांबवले आहे. स्वतंत्र तज्ज्ञाचा लेखी अहवाल हाती येईपर्यंत त्या भिंतीला कोणीही हात लावणार नाही.