टेस्टिंग गेटवर करा, मीटिंग रूममध्ये नको

मुंबईतल्या हाउसिंग सोसायटीसाठी ॲप करताय, आणि ते लोकांना नीट वापरता येतं का याची चाचणी घ्यायचीय, असं धरू. मेंटेनन्स भरणारे सभासद हा एक गट, गेटवर पाहुण्यांची नोंद करणारा वॉचमन हा दुसरा. गट एकच असेल तर चाचणीला पाच माणसं पुरतात: ॲप-वेबसाइट वापरताना लोक कुठे अडतात याचे अभ्यासक नील्सन आणि लँडावर यांच्या १९९३ च्या गणितात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो, पाच मिळून सुमारे ८५. गट दोन असतील तर प्रत्येकातून तीन-चार जण घ्या. सभासदांवर चाचणी करून वॉचमनचं कळत नाही.

टेस्ट फसते ती बहुतेक वेळा काम सांगण्याच्या पद्धतीत. बटणावर ‘मेंटेनन्स भरा’ लिहिलंय आणि तुम्हीही ‘मेंटेनन्स भरा’ म्हणालात, तर समोरचा फक्त तो शब्द शोधतो. त्याऐवजी म्हणा, ‘या महिन्याचे सोसायटीचे पैसे द्यायचे राहिलेत, काय कराल?’ मग गप्प बसा. ‘इथे दाबू का?’ असं विचारलं तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच. ‘ॲप आवडलं का’ हा प्रश्न तर विचारूच नका. घरी आलेल्या माणसाला कोण नाही म्हणतं? आणि काकू ‘माझंच काहीतरी चुकलं’ म्हणाल्या, की ती चूक स्क्रीनच्या नावावर लिहा.

फोन त्यांचाच हवा. ओटीपी बघायला माणूस मेसेजमध्ये जातो, तेवढ्यात कमी रॅमचा फोन मागचं ॲप बंद करून टाकतो. परत यावं तर भरलेला फॉर्म कोरा. ऑफिसच्या महागड्या फोनवर हे कधी दिसणार नाही. ज्येष्ठांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात, तिथे ‘पावती डाउनलोड करा’चं ‘पावती डाउ…’ होतं, आणि ओळींची उंची इंग्रजी बेताने ठेवली असेल तर रफार आणि उकार छाटले जातात.

वॉचमनची चाचणी संध्याकाळी सातला गेटवरच करा. समोर डिलिव्हरीवाले ताटकळलेले, एका हातात फोन, दुसऱ्या हाताने गेट धरलेलं. अशा वेळी सहा रकान्यांचा फॉर्म भरायचं सोडून तो जुनं रजिस्टर उघडतो. तेव्हा त्याला थांबवू नका. रजिस्टरमध्ये तो कोणते रकाने भरतो ते बघा.

स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या. पैसे भरायचं काम १ रुपयावर भागवा, आणि यूपीआय पिन टाकताना रेकॉर्डिंग बंद. टिपणं त्याच संध्याकाळी काढा: कुठे थांबला, काय दाबलं, तोंडून काय निघालं. पहिल्या दोघांना एकाच जागी अडताना पाहिलंत, तर तिसऱ्याची वाट न बघता ते बदला.