गोट्यापासून कुरुंदकरांपर्यंत

परभणीच्या आमच्या घरी पुस्तकं फडताळात, लोणच्याच्या बरणीशेजारी असायची. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’च्या पानांना म्हणूनच अजून हिंगाचा वास येतो. आजी ‘श्यामची आई’ वाचायला लावायची, मला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे जवळचा. रडण्यापेक्षा सायकल बरी!

कॉलेजात इरावती कर्वेंचं ‘युगान्त’ वाचलं आणि महाभारतातली माणसं देव्हाऱ्यातून उतरून ओट्यावर येऊन बसली. पण खरा नाद लागला तो जुन्या परभणी जिल्ह्यातल्या नांदापूरच्या विचारवंत-लेखक नरहर कुरुंदकरांचा. ‘जागर’ मी पेन्सिल घेऊनच वाचते. समासात ‘पटलं नाही’ लिहावं, तर पुढच्या पानावर हे गृहस्थ नेमका तोच आक्षेप घेऊन हजर! ‘शिवरात्र’ सध्या भावजयीकडे अडकलंय. परत मागायचं कसं, तेवढं कुणीतरी सांगा.