पंप बंद असतानाची कमाई

नातेवाइकांकडे लग्नामुंजीला गेलं की हल्ली एक प्रश्न ठरलेला. "शेतावर सोलर लावलंय ना, महिन्याला किती सुटतात?" महिन्याचा एकच आकडा सांगितला तर ऐकणाऱ्याची फसगत होईल, म्हणून आज सगळं नीट लिहून काढते.

आमची जमीन बडोदा जिल्ह्यात, सावली तालुक्यात, मही नदीच्या कोतरांच्या, म्हणजे घळींच्या, कडेला. सासऱ्यांच्या वेळेपासून शेती भागियाकडे आहे, म्हणजे पिकातल्या वाट्यावर शेती कसणाऱ्याकडे. या भागियांना मी काका म्हणते, ते मला बेन. कापूस, तूर, थोडी एरंडी, आणि बोअरवर १० हॉर्सपॉवरचा पंप. गुजरात सरकारने २०१८ मध्ये सूर्यशक्ती किसान योजना आणली आणि पुढच्या वर्षी आमच्याकडे साडेबारा किलोवॉटची पॅनेलं उभी राहिली. खर्चाचे ६० टक्के केंद्र आणि राज्याच्या सबसिडीतून आले, ५ टक्के आम्ही रोख भरले, उरलेले ३५ टक्के ७ वर्षांचं कर्ज. पॅनेलची वीज आधी पंपाला लागते, उरेल ती वीज कंपनीच्या ग्रिडमध्ये जाते. तिला पहिली ७ वर्षं युनिटला ७ रुपये मिळतात, साडेतीन वीज कंपनीचे आणि साडेतीन राज्य सरकारचे. नंतरची १८ वर्षं नुसते साडेतीन.

आपल्या भागात एक किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट धरावेत. म्हणजे आमची रोजची ५० युनिट, वर्षाची १८ हजारांच्या आसपास. निम्मी पंपाने खाल्ली तर ९ हजार युनिट विकली जातात, त्याचे ६३ हजार रुपये, आणि त्यातूनच कर्जाचा हप्ता. पंप जास्त चालला की कमाई कमी, कमी चालला की जास्त. ही कमाई खरं म्हणजे पंप बंद असण्याची आहे, आणि तिथेच सगळी गंमत आहे.

आधी काय होतं ते सांगते. शेतीची वीज रोज ८ तास, कधी दिवसा तर कधी रात्री. बिल हॉर्सपॉवरमागे वर्षाला ठरावीक, पंप एक तास चालवा की हजार तास. रात्रीची पाळी असली की काका ऑटोवर टाकून घरी जायचे. लाइट आली की पंप आपोआप सुरू, आणि सकाळी बघावं तर वाफे भरून पाणी बांधावरून कोतरात चाललेलं. नुसतं पाणी नाही, वरची मातीही. कोतर दर पावसाळ्यात शेताकडे सरकत होतंच, त्याला आमच्याच बोअरचं पाणी हातभार लावत होतं.

आता १० हॉर्सपॉवरचा पंप तासभर चालला की साडेसात युनिट जातात, म्हणजे ५० रुपयांच्या वर. काका पाणी सोडण्याआधी तुरीच्या ओळीत वीतभर उकरतात, मूठभर माती दाबून बघतात, गोळा धरला तर पंपाला हात लावत नाहीत. हे मी त्यांना शिकवलेलं नाही. मातीची पारख त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, पण ती वापरून पूर्वी त्यांच्या हातात काहीच पडत नव्हतं.

आता पडतं, कारण वीजविक्रीत त्यांचा वाटा आहे. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. आपल्यासारखी बडोद्यात राहून भागियाकडून शेती करवणारी खूप घरं आहेत. मीटर मालकाच्या नावाचं, पैसे मालकाच्या खात्यात. अशा वेळी भागियाने पाणी का वाचवावं? पीक थोडं जरी वाढलं तर त्याचा फायदा, वीज वाचली तर तुमचा. तो पंप चालवणारच, आणि त्याचं चुकीचं नाही. कमाईत वाटा दिल्याशिवाय सोलरच्या हिशेबाला काही अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

उरलेली वीज विकायची मूळ कल्पना आली आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्यातून. डाकोरच्या ठासरा तालुक्यात ढुंडी नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौर पंपांची सहकारी संस्था चालू केली. तशी जगातली पहिलीच म्हणतात. आणंदच्या जलनीती संशोधकांनी मदत केली. उरलेली वीज आपल्या मध्य गुजरात वीज कंपनीने २५ वर्षांच्या कराराने युनिटला ४ रुपये ६३ पैशांनी घ्यायची ठरवली. बदल्यात सवलतीच्या शेती कनेक्शनवरचा हक्क शेतकऱ्यांनी सोडला. वीज हेही एक पीक आहे, फक्त त्याला खत, फवारणी, पाणी लागत नाही, हा विचार तिथून पसरला.

देखभाल अगदीच लागत नाही, असं मात्र नाही. पॅनेल थोडं तिरकं असतं, त्यामुळे रात्रीच्या दवाबरोबर धूळ खाली घसरते आणि खालच्या चौकटीपाशी चिखलाची बोटभर किनार सुकून बसते. वरून काच लख्ख दिसते, पण सेलची खालची ओळ झाकली गेली की सगळ्या पॅनेलची वीज घटते. आमच्याकडे मोर भरपूर. त्यांची विष्ठा एकाच सेलवर राहिली तर तो सेल तापून कायमचा खराब होऊ शकतो. धुवायचं ते सूर्य वर येण्याआधी, मऊ वायपरने. बोअरच्या पाण्याचे क्षाराचे डाग पडतात, म्हणून आम्ही पावसाचं पाणी टाकीत साठवतो. आणि मे महिन्यात ऊन रग्गड म्हणून वीज रग्गड, असंही नसतं. पॅनेल तापलं की कार्यक्षमता उतरते. फेब्रुवारी-मार्चचं थंड, स्वच्छ ऊन जास्त देतं.

दलालांबद्दल थोडं. केंद्राच्या कुसुम या सौर योजनेत पडीक जमिनीवर ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचा प्रकल्प शेतकरी स्वतः उभारू शकतो किंवा जमीन भाड्याने देऊ शकतो. मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, करार २५ वर्षांचा. सबस्टेशनजवळ जमीन असली की माणसं घरी येऊ लागतात. नणंदेच्या करजणच्या काळ्या रानासाठी असेच एक गृहस्थ आले होते. मी तिला स्पष्ट नाही म्हटलं. कापसाचं इतकं देखणं रान २५ वर्षं खांबांखाली घालायचं नाही. माळरान असेल, मुरमाड तुकडा असेल तर जरूर विचार करावा, पण भाडं दर किती वर्षांनी वाढणार, प्रकल्प दुसऱ्याला विकला तर भाडं कोण देणार आणि शेवटी काँक्रीटचे पाये कोण उपटणार, हे तिन्ही करारात लिहिलेलं हवं. तोंडी आश्वासनावर सही करू नये.

आमची ७ वर्षं आता सरत आली. दर निम्मा होणार, म्हणजे तासाचे ५० रुपये पंचविसावर येणार. काकांनी दिवाळीतच विचारलं, "बेन, पछी शुं?" म्हणजे नंतर काय? आजवर त्यांचा वाटा एकूण विक्रीच्या एक तृतीयांश होता आणि हप्ता माझ्या वाट्यातून जायचा. पुढे हप्ता नाही. म्हणून दर उतरेल त्या महिन्यापासून त्यांचा वाटा दोन तृतीयांश ठरवला आहे. तेवढीच युनिटं विकली गेली तर त्यांच्या हातात तेवढेच पैसे पडतील. तसा कागद करून त्यांच्या मुलाकडे दिला आहे.